रिठ्याला दोन पाणी

चांगुणामावशीचं नाव आधी लिहितो. काय घडलं ते मागाहून सांगेन, पण हे नाव पहिल्या ओळीत पाहिजे. कारण आमच्या संस्थेने जे छापलं त्यात ते शेवटच्या ओळीतही नव्हतं. कुरवंड्याच्या वर डोंगरात एक वाडी आहे, तिथली ही बाई. मुळ्या खणून आणायच्या आणि कुटून, उगाळून लोकांना द्यायच्या, हे तिचं काम. तिने मला दोनदा सांभाळलं. पहिल्या वेळी ते मला लगेच कळलं. दुसऱ्या वेळी कळायला महिना लागला.

संपादकांनी दिवाळीसाठी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी सहावीतून शाळा सोडलेला माणूस. प्रयोगशाळेत काचा धुतो. मी काय लिहिणार?" ते म्हणाले, "काचा कशा धुतात तेच लिहा." तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं. वीस वर्षं मी तेच करतो आहे, त्यामुळे त्यात तरी चूक होणार नाही, असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं.

माझं गाव चंद्रपूरकडे, ब्रह्मपुरीच्या पलीकडे. लोणावळ्याला आलो तो मामाच्या मागे. मामा रेल्वेत होता. त्याने ओळखीने मला वनौषधींच्या एका लहान संशोधन संस्थेत लावून दिलं आणि वर्षाच्या आत त्याची भुसावळला बदली झाली. मी एकटा राहिलो. इथला पाऊस मला माहीत नव्हता. आमच्याकडेही पाऊस पडतो, पण तो पडून जातो. इथला मुक्कामाला येतो. मागच्या अंगणात उभ्याने बरण्या धुवायच्या, पाय सदा ओले. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. भातलावणी करणाऱ्या बायांना होतात त्याच. कातडी पांढरी पडून सोलायला लागली, चपलेत पाय जाईना. मी ट्रंक भरली. दुसऱ्या दिवशी गाडी धरायची ठरवलं.

मावशी तेव्हा संस्थेत मुळ्या घेऊन यायची. मागच्या पायरीवर मी लंगडताना तिने पाहिलं.

"कुटला रं तू?"

"चांद्याकडचा."

"त्ये कुटं आलं?"

"लय दूर हाये मावशी. मले दोन दिवस लागते जायला."

"मले!" ती हसली. "आन् दोन दिसांच्या वाटंला ह्या पायांनी जातूस व्हय? बस हितं."

तिने पदराच्या गाठीतून एक मुळी काढली, पायरीच्या दगडावर गार पाण्यात उगाळली आणि माझ्या बोटांना लेप दिला. पाचव्या दिवशी मी चप्पल घातली. ट्रंकेतले कपडे परत खुंटीवर गेले. तेव्हापासून तिने मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. "ए मले-तुले" म्हणायची.

ती मुळी कोणत्या वेलीची, ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या पावसापर्यंत डोंगरावर एक वेल शिल्लक राहायची नाही.

दहा-बारा वर्षं गेली. संस्थेत एक नवीन बाई आल्या. डॉक्टर होत्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत, संशोधनातल्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. वनस्पतींना बुरशी लागते तेव्हा त्या स्वतःला कशा वाचवतात, हा त्यांचा विषय. एकदा चहाच्या वेळी मी त्यांना माझ्या चिखल्यांची गोष्ट सांगितली. चिखल्या हासुद्धा बुरशीचाच प्रकार. बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "गार पाण्यात उगाळली? उकळली नाही?" तिथून ते काम सुरू झालं. या संशोधनाला मी माझे पाय दिले, असं मी चारचौघांत सांगतो.

आता ते काम काय, हे माझ्या भाषेत सांगतो. बटाटे उकडून त्यांचं पाणी घ्यायचं, त्यात साखर आणि चायना ग्रासची पूड घालून शिजवायचं आणि काचेच्या झाकणदार ताटल्यांत ओतायचं. थिजलं की त्यावर बुरशी पेरायची. बुरशी दोन-तीन दिवसांत सगळी ताटली व्यापते, मखमल अंथरल्यासारखी. पेरतानाच मध्ये एक लहान खड्डा करून त्यात मुळीचा अर्क घातला, आणि अर्कात दम असला, तर खड्ड्याभोवती बुरशी येत नाही. चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. साहेब लोक त्याला झोन म्हणायचे. मी खळंच म्हणायचो, आणि पुढे बाईही म्हणायला लागल्या.

बाईंचं म्हणणं असं, की मुळीतली ही ताकद एका प्रथिनाची आहे. मला त्यांनी समजावलं ते आजही तोंडपाठ आहे. बुरशीला तोंड नसतं. ती आधी आपला पाचक रस बाहेर सोडते, मुळीची कातडी त्यात विरघळवते आणि मग शोषून घेते. मुळीतलं हे प्रथिन त्या रसालाच जाऊन चिकटतं आणि त्याचं काम थांबवतं. बुरशी मरत नाही, उपाशी राहते. "आणि प्रथिन आहे हे ओळखायचं कसं?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अंडं उकडलंस तर पांढरं घट्ट होतं ना? ते परत पातळ होतं का?" तसंच हे. कच्च्या अर्काने खळं पडलं आणि उकळलेल्या अर्काने पडलं नाही, तर ताकद प्रथिनाची असं समजायला जागा होते. उकळूनही खळं पडलं, तर मग ते दुसरंच काही.

नळ्या माझ्या ताब्यात. कच्च्या अर्काच्या नळ्यांना निळ्या रंगाची रेघ, उकळलेल्या अर्काच्या नळ्यांना तांबडी, आणि तुलनेसाठी नुसतं पाणी घालायच्या त्या बिनरेघेच्या. कधी अदलाबदल नाही. साबण, सोडा किंवा आम्ल लावलेल्या काचेला सात पाणी द्यायचं, हा नियम. सहा नाही, सात. नवीन माणूस मोजताना चुकतो. मी तोंडाने मोजायचो आणि त्यावरून माझी थट्टा व्हायची.

पहिले दोन प्रयोग बाईंच्या मनासारखे झाले. निळ्या नळीला खळं, तांबडीला नाही. बाई त्या दिवशी संस्थेच्या अंगणात चक्क शीळ घालत फिरल्या. पुण्याच्या एका सभेत त्यांना हे वाचायचं होतं. त्याआधी अजून दोनदा करून बघायचं ठरलं.

तिसऱ्या वेळी तांबड्या नळीलाही खळं पडलं. चौथ्या वेळी पुन्हा. नुसत्या पाण्याची ताटली मात्र मखमलीने भरलेली, म्हणजे बटाट्याच्या खाऊत दोष नाही. बाईंची शीळ बंद झाली.

त्यांचे सहायक सबनीससाहेब. माणूस वाईट नव्हता, पण शंका आली की ती बोलून मोकळा व्हायचा. त्यांनी हिशेब मांडला: उकळूनही ताकद जात नाही, म्हणजे ही प्रथिनाची ताकद नव्हे. मग पहिल्या दोन वेळी ती कुठे होती? म्हणजे मुळी बदलली. मावशीने दुसऱ्या वेलीची मुळी मिसळली.

मावशी त्या दिवशी मागच्या अंगणात गोणी सोडत होती. वाडीतले दोन बाप्ये ओझ्याला बरोबर आलेले.

"मावशी, खरं सांगा. यात दुसरी मुळी घातलीत का?"

"दुसरी कंची?"

"ते तुम्हांला माहीत. वेल मिळेनाशी झाली असेल, वजन भरायला थोडी..."

"सायेब, म्या दिल्याली मुळी लोकं प्वाटात घेत्यात. वजान भराया मी काय वान्याचं दुकान मांडलंय?"

ओझ्याला आलेल्यांतला धाकटा, रामा, फिसकन हसला. मावशी त्याच्यावर उखडली, "तू हस, मेल्या! सकाळच्याला पोट दुकतंय म्हून कुनाच्या दारात बसलावतास?"

"मावशी, काच खोटं बोलत नाही," सबनीससाहेब म्हणाले.

मावशीने मान वर केली. माझ्या हातात नळ्या उभ्या ठेवायची घोडी होती, नळ्या नुकत्या धुतलेल्या. तिने ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मला वाटलं ती मला मध्ये बोलायला सांगते आहे. मी नजर खाली घातली. साहेबांपुढे बोलायची माझी छाती नव्हती.

"काच बोलतच न्हाई, सायेब," ती म्हणाली. "मानसं बोलत्यात." पहार खांद्यावर टाकली आणि चालू लागली. गोणी तिथेच राहिली.

तोवर मला काही माहीत नव्हतं, हे मी देवाशपथ लिहितो.

आठ दिवसांनी रामा पोस्टापाशी भेटला. मी मावशीचं विचारलं.

"मावशीकडं कोन जातंय आता?" तो म्हणाला. "तिच्या जावंनं पोराला दिल्यालं औषद वतून दिलं. म्हनली, सायबाला फसवती ती आपल्याला काय सोडंल? आन् जाऊच आसं म्हनली म्हंजी बाकीच्यांचं काय."

"पण तू होतास ना तिथं? तूच सांगितलंस ना वाडीत?"

"म्या आपलं घडलं त्ये सांगितलं," रामा म्हणाला. त्याला तरी काय बोलणार? मीही तिथे होतो, आणि मी तर तेवढंही बोललो नव्हतो.

मुळी देणाऱ्या बाईची मुळी खोटी ठरली, की तिच्यापाशी दुसरं काही उरत नाही. तिला शेत पायलीभर भाताचं. माणसं तिला मानत ती या हातासाठी.

उन्हाळ्याचे दिवस. संस्थेच्या मोरीचं पाणी मागून ओढ्याला जातं. ओढा आटून त्याचे चार डोह उरले होते. एक काचेचं लहान बूच मोरीतून वाहून गेलं म्हणून मी खाली उतरलो. पहिल्या डोहाच्या काठाला फेस धरला होता आणि बोटाएवढे मासे पोट वर करून तरंगत होते. दहा-बारा तरी.

मी तिथेच बसलो. कारण तीन आठवड्यांपूर्वी मावशी मोरीपाशी उभी राहून मला म्हणाली होती, "ए मले-तुले, त्यो फेस ओढ्याला सोडू नगंस. मासं उताणं पडत्यात." मी हसून म्हटलं होतं, "मावशी, हे काही औषध नाही. रिठा आहे, रिठा."

झालं होतं असं. अर्क उकळला की तळाला नासक्या दुधासारखा पांढरा थर धरतो. तो तांबड्या नळ्यांतून निघता निघेना. दुसऱ्या प्रयोगानंतर ब्रशने घासताना एक नळी तडकली. बारा वर्षांत माझ्या हातून फुटलेली ती तिसरी काच. मला फार लागलं. मग आठवलं, माझी आई लुगडी आणि चांदीचे तोडे रिठ्याने धुवायची. काही घासावं लागायचं नाही. मी बाजारातून रिठे आणले, फोडून पाण्यात भिजवले आणि ते दाट पाणी तांबड्या नळ्यांत भरून संध्याकाळी ठेवून दिलं. सकाळी थर सुटलेला, काच आरशासारखी! दोनदा पाण्याने खळबळली आणि वाळवणीच्या भट्टीत ठेवली. सात पाणी साबणाला, सोड्याला, आम्लाला. रिठा यांपैकी काहीच नाही. रिठा फळ आहे. आई त्याने लहान भावाचं डोकं धुवायची.

आणि थर फक्त तांबड्या नळ्यांतच धरायचा. म्हणून रिठा फक्त तांबड्यांनाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा प्रयोग केला. एक नवी कोरी नळी रिठ्याने धुतली, दोन पाणी दिलं, वाळवली, तिच्यात नुसतं पाणी घालून ठेवलं आणि ते ताटलीवरच्या खड्ड्यात घातलं. बुरशी बाईंच्या हाताने पेरलेली बघितली होती, तशीच पेरली. तिसऱ्या दिवशी पाहिलं. नुसत्या पाण्याला खळं पडलं होतं.

ते घेऊन मी लगेच बाईंकडे गेलो असतो, तर आज हे लिहायला हलकं गेलं असतं. मी गेलो नाही. ताटली बरण्यांच्या मागे लपवली. बायकोला नुकतीच गावाहून आणली होती. मामा भुसावळला, गाव दोन दिवसांवर, हातात सहावीचा दाखला. चार महिन्यांचं काम काचवाल्याने बुडवलं, असं कळल्यावर मला कोण ठेवणार? मी दोन दिवस गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत मला सगळं माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी बाईंनी एक पाकीट दिलं. "नामदेव, हे आजच्या टपालात पडू दे. पुण्याच्या सभेतलं वाचन मी रद्द करतेय. मुळीत प्रथिन नाही, माझीच घाई झाली."

मी लोणावळ्याच्या पोस्टापर्यंत गेलो. पेटीच्या तोंडाशी हात नेला. आत टाकलं असतं तर मुळी कायमची खोटी ठरली असती आणि मावशीही. मी पाकीट घेऊन परत आलो, बरण्यांच्या मागची ताटली काढली आणि दोन्ही बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"नुसत्या पाण्याचं खळं आहे, बाई. नळी रिठ्याने धुतलेली आहे. मी धुतली. तांबड्या सगळ्या तशाच धुतल्या."

त्यांनी ताटली उचलून उजेडाकडे धरली. सबनीससाहेबही खुर्ची सोडून आले.

"किती पाणी दिलंस?" बाईंनी विचारलं.

"दोन."

"साबणाला?"

"सात."

"मग रिठ्याला दोनच का?"

"रिठा फळ आहे, बाई," मी म्हणालो, आणि मला रडू आलं. सबनीससाहेबांना हसू आलं होतं, ते तसंच राहिलं.

बाई ओरडल्या नाहीत. पाकीट त्यांनी फाडलं. ताटलीवर तारीख घालायला लावली. मग म्हणाल्या, "रिठ्यात फेसाचा जो पदार्थ असतो तो उकळूनही जात नाही, आणि बुरशीला सोसत नाही. हे मला सुचायला हवं होतं. पण तू रिठा वापरतोस हे मला कुठे माहीत होतं?" तेवढंच. सगळ्या नळ्या आम्लात घातल्या, सात पाणी दिलं. मावशीच्या त्याच टाकून गेलेल्या गोणीतल्या मुळ्या घेतल्या. निळीला खळं, तांबडी मखमलीने भरलेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सभा झाली, लेख छापून आला. माझी नोकरी राहिली.

बाई स्वतः डोंगर चढून मावशीला भेटायला गेल्या, गुडघे दुखत असताना. मावशी शेतावर होती. बाईंनी बांधावर उभं राहून माफी मागितली. "आमच्याकडे धुण्यात चूक झाली," म्हणाल्या. कुणाची, ते सांगितलं नाही. माझ्यासाठीच नसेल सांगितलं. पण बांधावर त्या दोघीच होत्या. आळ चौघांसमोर घेतला होता.

मावशी परत यायला लागली तेव्हा मी तिला मोरीपाशी गाठलं. म्हटलं, "मावशी, ती चूक माझी होती."

"व्हय. ठावं हाय."

"बाईंनी सांगितलं?"

"बाई कशाला सांगत्यात? सायेब बोलला तवाच वळखलं म्या. त्यो फेस म्या बघितलावता, आन् घोडी तुज्या हातात व्हती. मासं मरत्यात त्या पान्यानं, मग तुमची ती बुरशी काय वाघ हाय?"

"मग तू बोलली का नाहीस? तुझ्यावर आळ येत होता!"

मावशी मुळ्या झटकत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुला काडलं आसतं तर तू कुटं ग्येला आसतास? माजा डोंगुर हितंच हाय. तुजं घर लय लांब."

मग पुढच्या क्षणी, "सर मागं, उजेड आडवू नगंस."

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं होतील. संस्थेने तिला पुन्हा मानलं, पण वाडीने पुरतं मानलं नाही. बरीच माणसं हळूहळू परत तिच्या दारात आली. जाऊ आली नाही. जावेची सून बाळंतपणानंतर आजारी पडली तेव्हा तिला डोलीत घालून खाली आणलं, पण मावशीच्या घरावरून नेताना कुणी थांबलं नाही. मावशीने मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. त्या सुनेला कोणती मुळी लागू पडली असती, एवढंच ती सांगत होती.

मी दोनदा म्हटलं, वाडीवर येऊन सांगतो. दोनदा ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लोकं तुला हसत्याल." आणि मी, खरं सांगायचं तर, तिच्या त्या बोलण्याचा आधार घेऊन गप्प बसलो. एकदा कुरवंड्यापर्यंत गेलोही. तिथे चहा घेतला आणि परत फिरलो. घाबरट माणसाला कुणी नको म्हटलं की फार बरं वाटतं.

हा अंक वाडीत जायचा नाही. गेला तरी मावशीला वाचता येत नाही, आणि जावेलाही. तेव्हा इथे लिहून काही फिटलं, असं मी मानत नाही. भात झोडून झालं की वाडीतले लोक देवळापुढे एकत्र बसतात. अशा एका दिवशी मी वर जाणार आहे. मावशीला आधी विचारणार नाही. जाऊ बसलेली असेल, रामा असेल, ज्यांनी ते ऐकलं ते सगळे असतील, आणि तेवढ्यांसमोर उभा राहून मी सांगणार आहे, त्यांच्या बोलीत, म्हणजे कुणाला कळलं नाही असं व्हायला नको: मावशीनं मुळी बदलली न्हवती. नळी म्या नीट धुतली न्हवती. तिला ठावं व्हतं, आन् ती माज्यापायी गप ऱ्हायली.